स्कॅन लवकर संपला म्हणून काही सुटलं का? मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा फास्ट एमआरआय

प्रश्न थोडक्यात असा आहे की आईच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीला ३ मिलीमीटरचा फुगवटा म्हणजे एन्युरिझम आहे, दरवर्षी एमआर अँजिओग्राफी (एमआरए, म्हणजे एमआरआयने घेतलेली रक्तवाहिन्यांची चित्रं) होते, आधी त्यात वेळ अर्ध्या तासाच्या वर जायचा, या वेळी नव्या मशीनवर दहा-बारा मिनिटात बाहेर आणलं आणि रिपोर्टमध्ये बदल नाही असं लिहिलं, तर घाईत काही राहून गेलं का? आणि एवढी फास्ट टेक्निक्स आलीत तर मांडीतून नळी घालून करतात ती अँजिओग्राफी, म्हणजे डीएसए, आता कायमची टळली का? मी न्यूरोरेडिओलॉजीत आहे, हे स्कॅन वाचणं हेच रोजचं काम, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

पहिल्याचं उत्तर, वेळ कमी लागला एवढ्यावरून स्कॅन कच्चा ठरत नाही. दुसऱ्याचं उत्तर, नाही, सगळ्यांची टळलेली नाही, आणि का नाही ते समजायला नक्की काय फास्ट झालंय हे बघावं लागेल. इथे दोन गोष्टी आहेत आणि लोक (डॉक्टरसुद्धा) त्या एकात मिसळतात. एक म्हणजे पेशंटला टेबलावर किती वेळ पडून राहावं लागतं, आणि दुसरी म्हणजे रक्त वाहत असताना त्याची एकामागून एक चित्रं किती भराभर घेता येतात. पहिलं म्हणजे फोटो लवकर काढणं, दुसरं म्हणजे व्हिडिओ काढणं. एन्युरिझमला चांगला फोटो बहुतेक वेळा पुरतो, एव्हीएम किंवा ड्युरल फिस्टुला (धमनी थेट शिरेला जोडली जाण्याचे दोन आजार, पुढे येतीलच) असेल तर नुसत्या फोटोवर भागत नाही.

आधी एमआरआयला मुळात वेळ का लागतो ते सांगतो. मशीन थेट चित्र काढत नाही, ते के-स्पेस नावाचा एक गणिती तक्ता ओळीओळीने भरतं आणि तो भरला की कॉम्प्युटर त्यातून चित्र तयार करतो. तक्त्याच्या मधल्या ओळींमध्ये चित्राचा उजेड-अंधार असतो, कडेच्या ओळींमध्ये बारीक तपशील. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आईचा जो स्कॅन होतो तो बहुतेक टाइम ऑफ फ्लाइट, आम्ही टीओएफ म्हणतो. त्यात इंजेक्शन लागत नाही. एका जाड पट्ट्यातल्या पेशींवर सारखे रेडिओचे ठोके मारून त्यांचा सिग्नल दाबून टाकायचा, आणि खालून जे ताजं रक्त त्या पट्ट्यात शिरतं त्याने हे ठोके खाल्लेलेच नसतात म्हणून ते पांढरं चमकतं. आता हिशोब बघा, एका ओळीला साधारण २२ मिलिसेकंद, एका प्रतलात ३०० ओळी आणि अशी १५० प्रतलं, म्हणजे ४५,००० ओळी, गुणिले २२ मिलिसेकंद म्हणजे ९९० सेकंद, साडेसोळा मिनिटं झाली. आणि हा फक्त एक सिक्वेन्स, म्हणजे एका प्रकारच्या चित्रांची एक फेरी, बाकीचे वेगळे. साडेसोळा मिनिटं डोकं न हलवता कोण पडून राहणार.

म्हणून सगळी धडपड एकाच दिशेने झाली, ओळी कमी घ्यायच्या आणि न घेतलेल्या ओळी दुसऱ्या कुठल्यातरी माहितीवरून भरून काढायच्या.

पहिली मोठी उडी पॅरलल इमेजिंगची. डोक्याभोवती जी कॉइल लावतात तिच्यात आता एक नाही, वीस, बत्तीस, चौसष्ट असे छोटे छोटे अँटेना असतात, प्रत्येकाला डोक्याचा आपल्या जवळचा भाग जास्त ऐकू येतो, तर या फरकाचा उपयोग करून गाळलेल्या ओळी काढता येतात. १९९९ मध्ये झुरिचच्या गटाने सेन्स ही पद्धत मांडली, २००२ मध्ये ग्रापा आली, आणि आज बहुतेक प्रत्येक मशीनवर यातलं काहीतरी चालूच असतं, आईच्या जुन्या अर्ध्या तासाच्या स्कॅनमध्येसुद्धा असणार. पण फुकट काही नाही. वेळ R पट कमी केला तर सिग्नलची स्वच्छता कमीत कमी R च्या वर्गमुळाइतकी घसरते, म्हणजे चारपट वेग घेतला तर सिग्नल टू नॉइज निम्मा. वर जी-फॅक्टर नावाचा आणखी एक दंड, आणि तो सगळ्यात जास्त कुठे बसतो तर कॉइलपासून सगळ्यात लांब, डोक्याच्या मध्यभागी. आता मेंदूच्या तळाशी सर्कल ऑफ विलिस, म्हणजे मेंदूला रक्त देणाऱ्या धमन्यांचं कडं, कुठे आहे? बरोबर तिथेच, मध्यभागी. जिथे एन्युरिझम सगळ्यात जास्त होतात तिथेच हे तंत्र सगळ्यात जास्त दाणेदार चित्र देतं. म्हणून पॅरलल इमेजिंगवर बरीच वर्षं दोन किंवा तीनपटीच्या पुढे कोणी फार गेलं नाही.

दुसरी उडी कम्प्रेस्ड सेन्सिंग, एमआरआयमध्ये २००७ मध्ये लस्टिग, डोनोहो आणि पॉली यांनी ती दाखवली आणि साधारण दहा वर्षांनी ती रोजच्या मशीनवर आली. कल्पना अशी की ओळी ठरावीक अंतराने न गाळता विखुरलेल्या, कुठलाच क्रम नसलेल्या पद्धतीने गाळायच्या, म्हणजे जो दोष येतो तो ठळक भुतासारखी दुसरी प्रतिमा म्हणून न येता नुसत्या खरखरीसारखा येतो, आणि मग गणिताने ती खरखर पुसत पुसत खऱ्या चित्रापर्यंत जायचं. ही युक्ती तेव्हाच चालते जेव्हा चित्रात खरी माहिती थोड्याच ठिकाणी असते. आणि अँजिओग्राफीत नेमकं तेच असतं, बाकी सगळं काळं आणि मध्ये थोड्या पांढऱ्या नळ्या. त्यामुळे मेंदूच्या सगळ्या स्कॅनमध्ये कम्प्रेस्ड सेन्सिंग सगळ्यात छान बसतं ते टीओएफवर. वरचाच हिशोब, ९९० सेकंद भागिले ६ म्हणजे १६५, पावणेतीन मिनिटं. आईचा वेळ बहुतेक इथेच वाचला असणार.

इथे नुकसान कुठे होतं तेही सांगतो कारण ते रिपोर्टमध्ये कोणी लिहीत नाही. मोठ्या धमन्या, तीन-चार मिलीमीटरच्या, त्यांना काही होत नाही, चित्र उलट जास्त गुळगुळीत आणि सुंदर दिसतं. पण खरखर पुसताना गणित जरा जास्त जोरात लावलं तर टोकाच्या बारीक शाखा, ज्यांचा सिग्नल मुळातच खरखरीच्या जवळ असतो, त्या खरखर समजून पुसल्या जातात. म्हणजे एन्युरिझम बघायला सहापट वेग चालेल, पण कुणाला व्हॅस्क्युलायटिसचा (रक्तवाहिन्यांच्या भिंतींना सूज) संशय आहे आणि लांबच्या बारीक फांद्यांमध्ये आकुंचन शोधायचंय तर त्याच सहापट स्कॅनवर मी नॉर्मल असं लिहिणार नाही. प्रश्न काय आहे त्यावर किती वेग परवडतो ते ठरतं, मशीन किती वेग देऊ शकतं त्यावर नाही.

तिसरी उडी डीप लर्निंगची, सध्या सगळ्या मोठ्या कंपन्या हेच विकतायत. हजारो पूर्ण स्कॅन दाखवून मॉडेल शिकवायचं आणि अर्धवट डेटावरून पूर्ण चित्र कसं असतं ते त्याच्याकडून काढून घ्यायचं. चांगल्या पद्धतींमध्ये प्रत्येक टप्प्यावर मशीनने खरोखर मोजलेल्या ओळींशी ताळा केला जातो, त्यामुळे मॉडेलला मनात येईल ते काढता येत नाही, निदान येऊ नये. तरी सावध राहावं लागतं. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी आणि फेसबुकच्या फास्टएमआरआय प्रकल्पाची २०२० मध्ये जी स्पर्धा झाली ती मेंदूच्या स्कॅनवरच होती, आणि त्यात फक्त चारपट वेगावर एका मॉडेलने नसलेली रक्तवाहिनी चित्रात काढून ठेवली, बहुधा शस्त्रक्रियेच्या स्टेपल्समुळे तिथला सिग्नल बिघडला होता म्हणून. नसलेली रक्तवाहिनी! आमच्या कामात याहून वाईट काय असणार. याचा अर्थ डीप लर्निंग वाईट असा नाही, मी रोज वापरतो आणि ते नसतं तर जुन्या १.५ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीनवर निम्मे स्कॅन वाचता आले नसते. अर्थ एवढाच की ज्या पेशंटच्या डोक्यात एन्युरिझमला लावलेली क्लिप आहे, एन्युरिझममध्ये भरलेली धातूची कॉइल आहे, आधी ऑपरेशन झालंय, तिथे फार चकाचक चित्राकडे जास्त संशयाने बघायचं.

आणि हो, फिरवता येणारं ते सुंदर थ्रीडी चित्र, जे फिल्मवर छापून देतात आणि घरचे ज्याचा फोटो काढून पाठवतात, त्यावरून निदान करायचंच नसतं. ते सगळ्यात चमकदार ठिपके उचलून बनवलेलं असतं. जुन्या रक्ताची गुठळीसुद्धा टीओएफमध्ये आपोआप चमकते आणि वाहतं रक्त असल्यासारखी दिसते, रक्त भोवऱ्यासारखं फिरत असेल तर तिथला सिग्नल जातो आणि आकुंचन आहे त्यापेक्षा जास्त वाटतं. मूळ पातळ काप एकेक करून बघावे लागतात. एन्युरिझम वाटणारी गोष्ट नुसता शाखेच्या उगमाचा नरसाळ्यासारखा भाग आहे का, टोकातून बारीक धमनी निघतेय का, हे तिथेच कळतं. हे नीट केलं तर ३ मिलीमीटर आणि त्यावरचे एन्युरिझम टीओएफवर सहसा सुटत नाहीत, सगळे आकार धरून एकत्रित अभ्यासांमध्ये साधारण ९५ टक्क्यांच्या आसपास संवेदनशीलता दिलीये. त्याहून लहान असतील तर भरवसा कमी होतो, वेगवान असो की संथ.

आता व्हिडिओकडे येतो, माझ्या मते खरी मजा इथे आहे. निरोगी मेंदूत रक्त धमनीतून शिरून केशवाहिन्यांमधून जाऊन शिरेत पोचायला काही सेकंद घेतं. एव्हीएममध्ये मधल्या केशवाहिन्याच नाहीत, धमन्या गुंत्यातून थेट शिरेला जोडलेल्या, त्यामुळे शीर वेळेच्या खूप आधी भरते. ड्युरल फिस्टुलामध्ये मेंदूच्या आवरणातली धमनी तिथल्याच शिरेत उघडते. दोन्हीकडे सगळं निदान एकाच गोष्टीवर आहे, शीर लवकर भरतेय का आणि ते रक्त पुढे कुठल्या वाटेने जातंय. एव्हीएमची १९८६ ची स्पेट्झलर-मार्टिन श्रेणी घ्या, गुंत्याचा आकार, तो महत्त्वाच्या भागात आहे का, आणि रक्त खोल शिरांकडे जातं का. फिस्टुलाच्या श्रेणीत तर सगळा भार रक्त मेंदूच्या पृष्ठभागावरच्या शिरांमध्ये उलटं जातंय का यावरच, जात असेल तर रक्तस्रावाचा धोका खरा आणि उपचार लांबवायचा नाही. टीओएफसारख्या स्थिर चित्रात धमनी आणि लवकर भरलेली शीर दोन्ही पांढऱ्या, कोण आधी भरलं ते कसं कळणार?

तर इथे गॅडोलिनियमचं (रक्त चमकवणारं औषध) इंजेक्शन देऊन सेकंदाला एक किंवा त्याहून जास्त पूर्ण थ्रीडी चित्रं घेतात. हे शक्य झालं ते मघाशी सांगितलेल्या के-स्पेसच्या गोष्टीमुळे. उजेड-अंधार मध्ये असतो ना, मग मधल्या ओळी प्रत्येक चित्राला नव्याने घ्यायच्या आणि कडेच्या ओळी कधीमधी घेऊन शेजारच्या चित्रांमध्ये वाटून वापरायच्या. १९९६ मध्ये विस्कॉन्सिनच्या गटाने ट्रिक्स नावाने हे मांडलं, पुढे ट्विस्ट वगैरे वेगवेगळ्या कंपन्यांची नावं आली, आतली कल्पना तीच. यात एक गोम आहे, कडेचा तपशील दोन-तीन चित्रांनी वाटून घेतलेला असल्यामुळे लिहिलेला वेग आणि खरा वेग एक नसतो, मोठ्या वाहिनीची वेळ बरोबर येते पण बारीक वाहिनी थोडी आधी किंवा नंतर दिसू शकते. डीएसएमध्ये सेकंदाला तीन ते सहा चित्रं, तीही कितीतरी जास्त बारकाव्याची, आणि एकेका धमनीत वेगळं औषध सोडून. त्यामुळे टाइम रिझॉल्व्ह्ड एमआरएवर, म्हणजे या व्हिडिओवर, मी ठामपणे सांगू शकतो की शंट (धमनीतून शिरेत थेट जाणारी आडवाट) आहे, साधारण इथे आहे, निचरा या बाजूला आहे. कुठली बारीक धमनी त्याला रक्त पुरवते आणि एम्बोलायझेशनची (आतून वाहिनी बंद करण्याची) नळी कुठून न्यायची हे नाही सांगू शकत.

इंजेक्शन नको असेल किंवा मूत्रपिंडाचा गंभीर आजार असेल तर एएसएल नावाचा सिक्वेन्स. खरं सांगायचं तर या तंत्राला मिळायला हवा तेवढा मान मिळत नाही. मानेत रक्तातल्या पाण्यालाच चुंबकीय खूण करायची, दीड-दोन सेकंद थांबायचं, मग मेंदूचं चित्र घ्यायचं. एरवी खूण केलेलं पाणी केशवाहिन्यांमधून मेंदूच्या पेशींमध्ये उतरतं आणि शिरेपर्यंत पोचायच्या आत खूणही विरून जाते, ३ टेस्लावर रक्ताचा टी१, म्हणजे खूण विरण्याच्या वेळेचं माप, साधारण १.६५ सेकंद आहे त्यामुळे तिला आयुष्यच तेवढं. म्हणजे शिरेत चमक दिसायलाच नको. दिसली तर रक्त केशवाहिन्या टाळून आलंय, शंट आहे. चार-पाच मिनिटांत, सुईशिवाय. चित्र दिसायला जाडंभरडं असतं, नवे डॉक्टर बघून नाक मुरडतात, पण टीओएफवर सहज डोळ्याआड होणारा लहानसा फिस्टुला एएसएलवर एका चमकत्या सायनसमुळे (मेंदूच्या आवरणातली मोठी शीर) पकडला जातो. कानात नाडीच्या ठेक्यावर आवाज येतो अशी तक्रार असेल तर मी हा सिक्वेन्स मागतोच.

कॅव्हर्नोमाचं (पातळ भिंतींच्या वाहिन्यांचा गुच्छ) थोडक्यात. त्यात रक्त इतकं संथ असतं की टीओएफ, व्हिडिओ, डीएसए, कशातच ते दिसत नाही, तिथे एसडब्ल्यूआय नावाचं तंत्र लागतं, जे जुन्या रक्तातलं लोह काळं दाखवतं. नेहमीचं एसडब्ल्यूआय चार-पाच मिनिटं, ईपीआय या वेगवान तंत्राने मिनिटभरात होतं, फक्त कवटीच्या तळाशी आणि नाकाच्या सायनसमधल्या हवेजवळ चित्र वाकडं येतं.

वेग वाढवल्याने चित्र बिघडतं असं वरच्या सगळ्यावरून वाटेल, पण त्याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. कागदावर सात मिनिटांचा स्कॅन अडीच मिनिटांच्या स्कॅनपेक्षा सरस असतो. प्रत्यक्षात दुखणाऱ्या डोक्याचा, घाबरलेला, खोकणारा माणूस पाचव्या मिनिटाला हलतो आणि सातही मिनिटं वाया जातात. अर्धांगवायूच्या पेशंटमध्ये तर पर्यायच नाही, तिथे डिफ्यूजन आणि फ्लेअर (मेंदूला झालेली इजा दाखवणारे सिक्वेन्स), रक्तस्रावाचा सिक्वेन्स आणि मानेपासून वरच्या धमन्या हे सगळं सहा-सात मिनिटांत बसवतात. लहान मुलांमध्ये स्कॅन छोटा झाला तर कधीकधी भूल द्यावी लागत नाही. न हललेलं थोडं दाणेदार चित्र मला हललेल्या हाय रिझोल्यूशन चित्रापेक्षा केव्हाही चालेल.

मग डीएसए कुणाला लागते? एव्हीएम किंवा फिस्टुलावर उपचार ठरवायचाय, त्यांना. मेंदूभोवती रक्तस्राव झालाय आणि सीटी अँजिओग्राफीत कारण सापडलं नाही, त्यांना. एएसएलमध्ये शंट दिसतोय पण वाट कळत नाही, त्यांना. बारीक धमन्यांच्या आजाराचा दाट संशय असेल तर. आईसारख्या, न फुटलेल्या छोट्या एन्युरिझमच्या नुसत्या देखरेखीसाठी सहसा नाही. मात्र अचानक, काही सेकंदात शिगेला पोचणारी, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी आली तर एमआरआयची अपॉइंटमेंट शोधत बसायचं नाही, फास्ट असो की स्लो, सरळ इमर्जन्सीत जाऊन सीटी.

कॉइल किंवा स्टेंट घातल्यानंतरची देखरेख हा वेगळा विषय, तिथे धातूमुळे टीओएफमध्ये सिग्नल जातो आणि वाहिनी बंद झाल्यासारखी वाटते, त्यासाठी शून्याच्या जवळचा एको टाइम (ठोका मारणं आणि सिग्नल ऐकणं यांतला वेळ) वापरणारे सिक्वेन्स किंवा इंजेक्शनवाला एमआरए बघावा लागतो. आणि क्लिप असेल तर ती कुठल्या धातूची आहे याची कागदपत्रं असल्याशिवाय मशीनच्या खोलीत पाऊल ठेवायचं नाही, जुन्या काही क्लिपा चुंबकाने हलू शकतात.

तुमच्या केसमध्ये मला काळजी वेगाची नाही, तुलनेची आहे. टीओएफमधला एक ठिपका साधारण अर्धा मिलीमीटरचा. जुना स्कॅन दुसऱ्या मशीनवर, दुसऱ्या जाडीच्या कापांवर, कम्प्रेस्ड सेन्सिंगशिवाय आणि नवा त्याच्यासह, मग ३ मिलीमीटरचा फुगवटा एकीकडे २.८ आणि दुसरीकडे ३.४ मोजला जाणं अगदी शक्य आहे, एन्युरिझम तसूभर न बदलता. याच कारणाने उलटही होऊ शकतं, खरी वाढ मोजमापाच्या फरकात लपते. म्हणून रिपोर्ट करणाऱ्या डॉक्टरांना एवढंच विचारा की त्यांनी जुने मूळ काप शेजारी लावून, एकाच दिशेने, स्वतः दोन्ही मोजले का, की जुन्या रिपोर्टमधला आकडा बघून बदल नाही लिहिलं. त्यासाठी त्यांना जुनी डायकॉम सीडी (मूळ काप असलेली) लागेल, फिल्म किंवा मोबाइलवरचा फोटो चालणार नाही. पुढच्या वर्षी शक्यतो हेच मशीन आणि हाच प्रोटोकॉल घ्या, आणि चिठ्ठीवर तुलनेसाठी मागच्या वेळसारखाच टीओएफ हवा असं डॉक्टरांकडून लिहून घ्या.